रंग उडाला तरी विष उरते
चामडे, कापड आणि नाल्याचे पाणी तपासणाऱ्या यंत्राची ओळख

चामड्याच्या किंवा कापडाच्या धंद्यातील ज्या बांधवांचा माल बाहेरदेशी जातो, त्यांना ‘अझो टेस्ट’ हा शब्द नवा नाही. ऑर्डरच्या कागदावर तो छापलेलाच असतो. मालाचा तुकडा लॅबमध्ये जातो, काही दिवसांनी दोन पानांचा रिपोर्ट येतो आणि त्यावर ‘पास’ किंवा ‘फेल’ असा शिक्का असतो. पास असला तर तो कोणी वाचत नाही. फेल असला तर आता वाचून काय उपयोग, असे म्हणून आपण कपाळाला हात लावतो. मधल्या काळात त्या तुकड्याचे काय झाले, यंत्राने नेमके काय पाहिले आणि त्याचा निर्णय कधी चुकू शकतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ज्या यंत्राच्या एका आकड्यावर सगळी कन्साइनमेंट अडते, त्याची जुजबी तरी ओळख व्यापाऱ्याला हवी. शिवाय हेच यंत्र आता विहिरीचे आणि नाल्याचे पाणीही तपासते, म्हणजे ज्याचा माल गावाबाहेर जात नाही त्या रंगाऱ्याचाही त्याच्याशी संबंध येतो.

यंत्राचे नाव मास स्पेक्ट्रोमीटर. मराठीत वस्तुमानमापक म्हणता येईल. हा काटा माल तोलत नाही, मालातील रसायनाचा एकेक रेणू तोलतो.

हे प्रकरण सुरू कोठून झाले?

१८९५ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे लुडविग रेन नावाच्या शल्यचिकित्सकाने एक गोष्ट जगासमोर मांडली. रंगाच्या कारखान्यात फुक्सिन नावाचा रंग बनविणाऱ्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होत होता. पुढील संशोधनात दोष अमाईन जातीच्या काही रसायनांचा असल्याचे दिसून आले. बेन्झिडीन आणि बीटा-नॅप्थिलअमाईन ही त्यांतली कुप्रसिद्ध नावे होत. कापूस सरळ रंगविणारा काँगो रेड हा रंग १८८४ साली निघाला, तो बेन्झिडीनपासूनच. आपल्याकडे वर्षानुवर्षे खपलेला डायरेक्ट ब्लॅक ३८ हा काळा रंगही त्याच घराण्यातला.

अझो रंगाची रचना साधी आहे. दोन बाजूंना दोन रसायने आणि मध्ये त्यांना जोडणारी नायट्रोजनच्या दोन अणूंची कडी. ही कडी शाबूत आहे तोवर रंग दिसतो. कडी तुटली की रंग उडतो आणि दोन्ही बाजूंचे अमाईन मोकळे होतात. माणसाच्या आतड्यातील जंतू ही कडी तोडू शकतात, त्वचेवरील काही जंतूही तोडू शकतात. सगळेच अझो रंग वाईट नव्हेत, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्यांच्यातून घातक यादीतील अमाईन सुटतात तेवढेच वाईट. ‘अझो-फ्री’ हा बाजारातला शब्द त्यामुळे थोडा फसवा आहे. त्याचा खरा अर्थ ‘बंदी घातलेल्या अमाईनपासून मुक्त’ एवढाच घ्यावा.

जर्मनीने १९८९ साली चामडे व लाकूड बुरशीपासून वाचविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पेंटाक्लोरोफिनॉलवर, म्हणजे पीसीपीवर बंदी घातली आणि मालातील त्याची मर्यादा दर किलोस ५ मिलिग्रॅम ठरविली. १९९४ साली घातक अझो रंगांवर बंदी आली आणि आपल्याकडील चामडे व कापड निर्यातदारांची धावपळ उडाली. भारतातही बेन्झिडीनच्या ४२ रंगांवर १९९३ पासून आणि आणखी ७० अझो रंगांवर १९९७ साली केंद्र सरकारने बंदी घातली. २००२ साली युरोपीय संघाने जर्मनीचाच नियम सर्व सदस्य देशांसाठी केला. त्यात २२ अमाईन आहेत आणि प्रत्येकाची मर्यादा दर किलोस ३० मिलिग्रॅम आहे. चीनची मर्यादा २० मिलिग्रॅम, तर जपानने २०१६ पासून २४ अमाईनसाठी ३० मिलिग्रॅमची मर्यादा लागू केली. तेव्हा आता हा एका देशाचा हट्ट राहिलेला नाही.

किलोमागे ३० मिलिग्रॅम म्हणजे किती? एक टन मालात ३० ग्रॅम, म्हणजे मूठभर. ही मूठभर पूड टनभर चामड्यात नेमकी शोधून काढायची आणि ती कोणती तेही सांगायचे, असे हे काम आहे.

रेणू तोलायचा कसा?

केंब्रिज येथे जे. जे. थॉमसन यांनी १९१२ च्या सुमारास निऑन वायूचे विद्युतभारित कण चुंबकातून सोडले, तेव्हा हलके आणि जड कण वेगवेगळ्या वाटांनी गेले. त्यांचे शिष्य अॅस्टन यांनी १९१९ साली त्यावरून नीट यंत्र बनविले आणि १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळविले. आजच्या यंत्रातही मूळ कल्पना तीच आहे. रसायनाची वाफ करायची, तिच्यावर इलेक्ट्रॉनचा मारा करून तिला विद्युतभार द्यायचा आणि निर्वात नळीत चार सळयांच्या मधून तिला पळवायचे. सळयांतील विजेचा दाब असा बदलत नेतात की एका क्षणी एकाच वजनाचे कण पलीकडे पोहोचतात, बाकीचे वाटेतच आदळून गळतात. आपण खडी चाळतो तसेच, मात्र येथे चाळणीचे भोक सेकंदाला अनेकदा बदलते.

बेन्झिडीनचे वजन १८४, ऑर्थो-टोल्युडिनचे १०७. शिवाय माऱ्यामुळे रेणू फुटतो आणि एका जातीचा रेणू त्याच परिस्थितीत दर वेळी त्याच ठिकाणी फुटतो. तुकड्यांची ही नक्षी म्हणजे त्या रसायनाच्या बोटांचा ठसाच. हजारो रसायनांचे ठसे संगणकात साठविलेले असतात, यंत्र त्यांच्याशी ताडून नाव सांगते. क्लोरीन असलेली रसायने तर लपतच नाहीत. निसर्गात क्लोरीनचे अणू दोन वजनांचे, साधारण तीनास एक या प्रमाणात असतात. त्यामुळे पॅरा-क्लोरोअॅनिलीन १२७ वर एक उंच रेघ आणि १२९ वर तिच्या तिसऱ्या हिश्श्याची दुसरी रेघ दाखविते. पाच क्लोरीन असलेल्या पीसीपीच्या रेघा २६४, २६६, २६८ अशा पायऱ्यांनी उभ्या राहतात. अनुभवी माणूस नुसत्या नजरेने सांगतो की हा पीसीपी.

पण नाल्याच्या पाण्यात किंवा चामड्यात शेकडो रसायने एकत्र असतात. सगळी एकदम आत सोडली तर ठसे एकमेकांवर पडून काहीच कळणार नाही. म्हणून यंत्राच्या आधी एक लांबलचक, केसासारखी बारीक नळी असते. साधारण ३० मीटर लांबीची ही नळी भट्टीत गुंडाळून ठेवलेली असते. वायूच्या प्रवाहाबरोबर रसायने तिच्यातून निघतात आणि आपापल्या चालीने पुढेमागे बाहेर पडतात. या नळीला गॅस क्रोमॅटोग्राफ म्हणतात आणि दोन्ही मिळून जी जोडी होते तिचे रिपोर्टवरील नाव ‘जीसी-एमएस’. रसायन किती मिनिटांनी बाहेर आले आणि त्याचे वजन-ठसा काय, अशा दोन साक्षी येथे मिळतात.

तुकड्याचे लॅबमध्ये काय होते?

एक ग्रॅम कापड किंवा चामडे बारीक कातरून घेतात. चामड्यातील चरबी आधी काढून टाकतात. मग सामू ६ राखलेल्या ७० अंशांच्या द्रावणात तुकडे अर्धा तास ठेवतात आणि त्यात सोडियम डायथायोनाइट घालून आणखी अर्धा तास. सोडियम डायथायोनाइट म्हणजे आपल्या रंगाऱ्यांचा ‘हायड्रो’च होय. व्हॅट रंग उतरविण्यासाठी जो डबा प्रत्येक रंगशाळेत असतो, तोच. तो अझो कडी तोडतो. मोकळे झालेले अमाईन इथरसारख्या द्रावकात गोळा करतात, आटवितात आणि एक थेंबही नव्हे इतका अंश यंत्रात सोडतात. यंत्राचे काम तासाभरात आटोपते. म्हणजे सगळी तपासणी खरे तर एका दिवसाची आहे. बाकीचे दिवस नंबर लागण्यात आणि सहीशिक्क्यात जातात.

यंत्र कोठे फसते

मापाच्या काट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणारा व्यापारी शहाणा नव्हे, मग तो काटा कितीही महाग असो. ऑर्थो-टोल्युडिन बंदीच्या यादीत आहे. त्याची भावंडे मेटा आणि पॅरा त्या यादीत नाहीत. तिघांचे वजन १०७ च आणि तुकड्यांची नक्षीही जवळजवळ एकच. केवळ वजनावरून त्यांची ओळख पटविणे म्हणजे जुळ्या भावांना वजनकाट्यावर ओळखणे. नळीतून बाहेर येण्याच्या वेळेतला फरक पाहावा लागतो आणि तोही थोडा असल्यास दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी लागते. म्हणून फेल रिपोर्ट आला तर पहिला प्रश्न हा विचारावा की दुसऱ्या पद्धतीने खात्री केली काय? चांगली लॅब स्वतःहून करते.

दुसरा घोटाळा फोमचा. पॉलियुरेथेनचा फोम, कोटिंग किंवा काही चिकटद्रव्ये यांतून तपासणीच्या वेळी मिथिलीन-डायअॅनिलीन किंवा टोल्युइन-डायअमाईन सुटू शकते. ही दोन्ही नावे बंदीच्या यादीत आहेत, पण ती रंगातून आलेली नसतात. चपलेचा तळवा, अस्तर, फोम आणि वरचे चामडे एकत्र कातरून दिले तर निर्दोष चामडे नाहक अडकते. तुकडे वेगवेगळे द्यावेत आणि फोम असल्यास तसे लिहून द्यावे.

उलट दिशेनेही फसगत होते. ४-अमिनोअझोबेन्झीन हे स्वतःच अझो कडी असलेले अमाईन आहे. नेहमीच्या तपासणीत हायड्रो त्यालाही तोडून टाकतो आणि मग अॅनिलीन व फिनिलीन-डायअमाईन तेवढे दिसतात. रिपोर्टवर अॅनिलीन दिसले तर त्यासाठी वेगळी सौम्य तपासणी करावी लागते. खर्च वाचविण्यासाठी तीन रंगांचे तुकडे एकत्र तपासण्याची मुभा आहे, पण त्यात एकाच रंगात ३० चा दोष असला तर तो मिश्रणात १० दिसतो. म्हणून मिश्र नमुन्याचा आकडा मर्यादेच्या आत आहे एवढ्यावर समाधान मानू नये. आकडा थोडाही दिसला की तिन्ही रंग वेगळे तपासून घ्यावेत.

क्रोमियमची तपासणी मात्र यात येत नाही. क्रोमियम-६ साठी युरोपात मे २०१५ पासून चामड्यात दर किलोस ३ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, त्याची परीक्षा स्वतंत्र असते. एका रिपोर्टवर दोन्ही गोष्टी निभावल्या असे समजणारे पुष्कळ आहेत.

नाल्याचे पाणी

आता गावाकडे येऊ. रंगशाळेचे पाणी लाल-निळे वाहते तोवर लोक तक्रार करतात. पाणी पांढरे झाले की तक्रार थांबते आणि कारखानदारही निश्चिंत होतो. येथेच मोठी चूक होते. गाळाने भरलेल्या, हवा न लागणाऱ्या नाल्यात किंवा टाकीत जंतू अझो कडी तोडतात, म्हणजे लॅबमध्ये हायड्रो जे करतो तेच. रंग जातो आणि अमाईन पाण्यात राहतात. त्यानंतर भरपूर हवा दिलेल्या टाकीत दुसऱ्या जातीच्या जंतूंनी त्यांतील बरेच अमाईन खाऊन टाकायला हवेत. ती दुसरी पायरी गाळली तर पाणी दिसायला स्वच्छ पण आतून आधीपेक्षा वाईट होते. कोणी ब्लिचिंगचे द्रावण ओतून रंग मारतो. त्यात क्लोरीन रसायनांना चिकटतो आणि नवीच क्लोरीनयुक्त द्रव्ये तयार होऊ शकतात.

प्रदूषण मंडळाच्या तपासणीत सीओडीचा आकडा असतो. पाण्यातील एकूण घाण जाळायला किती प्राणवायू लागेल, हे तो सांगतो. घाण कोणती हे सांगत नाही. साखर असो की बेन्झिडीन, सीओडीला सारखेच. नाव सांगायला वस्तुमानमापकच लागतो. पाण्यात तर दर लिटरला मायक्रोग्रॅमचा हिशेब असतो. दहा हजार लिटरचे शंभर टँकर आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम, इतके ते प्रमाण. आजची यंत्रे ते पकडतात.

पाणी उशिरा तपासले की काय होते, याचे दाखले दक्षिणेत आहेत. आंबूर, वाणियमबाडी, राणीपेट हा पालार नदीकाठचा पट्टा चामडे कमावण्यासाठी प्रसिद्ध आहे आणि त्या धंद्यात मुस्लिम कारखानदारांची संख्या मोठी आहे. तेथील दूषित पाण्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९९६ रोजी निकाल दिला, प्रत्येक कारखान्यास दहा हजार रुपये दंड केला आणि प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यायची हे तत्त्व पक्के केले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिरुपूरच्या रंगशाळा बंद झाल्या, तेव्हा ज्याने पाणी शुद्ध केले आणि ज्याने केले नाही असे दोघेही घरी बसले. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील कारखानदारांनी हे प्रकरण नजरेआड करू नये.

तपासणी झटपट होऊ लागली

पूर्वी लिटरभर पाणी द्रावकाने घुसळून, आटवून मग यंत्रात सोडावे लागे. त्यात दिवस जाई. आता काही उडणाऱ्या रसायनांसाठी, जसे टोल्युइन किंवा ट्रायक्लोरोएथिलीन, पातळ सिलिकॉनच्या पडद्याची युक्ती आहे. एका बाजूने पाणी वाहते, दुसऱ्या बाजूला यंत्राची निर्वात पोकळी. पाणी बहुतांशी अलीकडेच राहते, द्रावकाचे रेणू पडदा ओलांडतात आणि काही मिनिटांत आकडा मिळतो. रंगातील अमाईन मात्र पाण्याला धरून राहतात, ते या पडद्यातून सहजी जात नाहीत. त्यांच्यासाठी द्रव नळीचे यंत्र असते, रिपोर्टवर ते ‘एलसी-एमएस-एमएस’ म्हणून येते. त्यात दोन चाळण्या असतात. पहिली ठरावीक वजनाचा रेणू निवडते, मध्ये तो फोडतात आणि दुसरी चाळणी ठरावीक तुकडाच पुढे जाऊ देते. एवढ्या काटेकोर पारखणीमुळे गाळलेले पाणी थेट सोडले तरी चालते आणि एका नमुन्याला मिनिटेच लागतात. कपडा धुण्याच्या व ओलावण्याच्या साबणात असणाऱ्या नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेटवर युरोपात फेब्रुवारी २०२१ पासून ०.०१ टक्क्याची मर्यादा आली, तीही याच यंत्राने तपासतात. आपल्या साबणाच्या ड्रमवर काय लिहिले आहे ते एकदा पाहून घ्यावे.

२००४ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहम कुक्स यांच्या गटाने आणखी एक मार्ग दाखविला. वस्तूच्या पृष्ठभागावर विद्युतभारित थेंबांचा फवारा मारायचा आणि उडालेले शिंतोडे सरळ यंत्रात घ्यायचे. कातरणे नाही, आटविणे नाही. संशयित माल पटापट निवडायला ही पद्धत उत्तम, पण मर्यादेचा नेमका आकडा हवा तर जुन्या रीतीकडेच वळावे लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाईन येथे रसायनांची मालगाडी घसरली, तेव्हा तेथील पर्यावरण खात्याने वस्तुमानमापक बसविलेली गाडी रस्त्यारस्त्यांतून फिरवून हवा तपासली. एवढे हे यंत्र आता चालतेफिरते झाले आहे.

आपण काय करावे?

असे यंत्र विकत घेणे छोट्या कारखानदाराचे काम नव्हे आणि त्याची गरजही नाही. मुंबईत प्रभादेवीला टेक्स्टाइल्स कमिटी आणि घाटकोपरला बीटीआरए, चामड्यासाठी चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था, अशा संस्था आहेत. खासगी लॅबकडे जायचे तर एनएबीएलची मान्यता आहे काय आणि ती याच तपासणीसाठी आहे काय, हे विचारावे. दुसऱ्या कशासाठी मिळालेली मान्यता दाखवून काम उरकणारेही असतात.

तयार माल तपासण्यापेक्षा रंगाचा डबा तपासणे शहाणपणाचे. एका डब्यातून शेकडो तागे किंवा कातडी रंगतात. डबा वाईट निघाला तर एका डब्याचे नुकसान. माल वाईट निघाला तर रंग, चामडे, मजुरी, भाडे आणि गिऱ्हाईक सगळेच जाते. पुडीत बांधून मिळणारा, वर नाव ना नंबर असा सुटा रंग स्वस्त पडतो खरा, पण त्याची जबाबदारी घेणारा कोणी नसतो. पावतीवर रंगाचा कलर इंडेक्स नंबर लिहून घ्यावा आणि प्रत्येक लॉटमधला चमचाभर रंग बाटलीत तारीख घालून ठेवावा. पुढे भांडण झाले तर तीच बाटली साक्ष देईल. चपलांच्या खोक्यात बुरशी लागू नये म्हणून टाकायच्या पुड्यांतही लक्ष घालावे. डायमिथिल फ्युमरेट भरलेल्या पुड्यांनी गिऱ्हाइकांची कातडी भाजल्यावर २००९ साली युरोपने त्या मालावर बंदी घातली आणि मर्यादा दर किलोस ०.१ मिलिग्रॅम ठेवली. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या कोल्हापुरी चपलेच्या मूळ चामड्यात अझोचा प्रश्नच नाही, पण वरून चढविलेला रंग आणि बुरशीनाशक यांच्यामुळे ती चप्पलही अडकू शकते.

पाण्याचा नमुना थंड पेयाच्या प्लॅस्टिक बाटलीत नेऊ नये. लॅबकडून गडद काचेची बाटली आणावी, काठोकाठ भरावी, आत हवा राहू देऊ नये, बर्फात ठेवून लवकरात लवकर पोहोचवावी. टाकीत जाणारे पाणी आणि टाकीतून येणारे पाणी असे दोन्ही नमुने एकाच दिवशी घ्यावेत, तरच टाकी काम करते की नुसता रंग घालविते ते कळेल.

राहता राहिला रंगारी स्वतः. नॅप्थॉलचे काम करणाऱ्यांनी हे नीट वाचावे. डायरेक्ट रंगात अमाईन कडीने बांधलेले असते, पण नॅप्थॉलच्या ‘बेस’मध्ये ते मोकळेच असते. फास्ट रेड टीआर बेस, फास्ट गार्नेट जीबीसी बेस, फास्ट स्कार्लेट जी बेस, फास्ट ब्ल्यू बी बेस, हे चारही यादीतील अमाईनच आहेत, केवळ बाजारातले नाव वेगळे. ते उघड्या हाताने कालविणारा, त्याची धूळ श्वासात घेणारा कारागीर कोणत्याही गिऱ्हाइकापेक्षा अधिक धोक्यात असतो. त्याच्या मालाचा रिपोर्ट निघतो, त्याच्या शरीराचा कोणी काढत नाही. हा आजार काम सोडल्यानंतरही वर्षानुवर्षांनी उद्भवू शकतो. अशा कामात ज्याची उमर गेली त्याला लघवीत रक्त दिसले, दुखत नसले तरी, तर घरगुती औषध न करता त्याने मूत्रविकाराच्या डॉक्टरकडे जावे आणि आपण कोणते रंग हाताळले ते त्यांना नावानिशी सांगावे. डब्यावरची नावे त्यासाठीही लिहून ठेवावीत.